आज्जी न्हाणीत पडली आणि उठता येईना, तर काय करायचं

आपल्याकडं म्हातारं माणूस पडलं की पहिला फोन जातो तो गावातल्या पट्टी बांधणाऱ्याला. मनगट वगैरे असेल तर एकवेळ जाऊ दे, पण खुब्याच्या हाडाला हे चालत नाही.

ओळखायचं कसं? उताणं झोपवलेल्या माणसाची दोन्ही पावलं बघा. मोडलेल्या बाजूचं पाऊल बाहेरच्या अंगाला लोळलेलं असतं, टाच दुसरीपेक्षा थोडी वर दिसते, जांघेत दुखतं आणि पाय उचलता येत नाही. पण हाड मोडून एकमेकांत रुतलं असेल तर माणूस लंगडत चालतो पण, त्यामुळं "चालूलाल्यात की, काही नाही झालं" म्हणून सोडू नका, जांघ दुखत राहिली आणि एक्सरे साफ आला तरी एमआरआय किंवा सीटीचं विचारा.

पाय ओढायचा नाही, तेल चोळायचं नाही, दोघांनी काखेत धरून उभं करायचं नाही. १०८ ला फोन करा, तोवर दोन पायांमध्ये उशी ठेवा, अंगावर चादर घाला. चहा-बिस्कीट देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. शेवटचं कधी खाल्लं ते आणि रोजच्या गोळ्यांची पिशवी सोबत घ्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा.

हॉस्पिटल बेळगावचं का कोल्हापूर-मिरजेचं हे घरोघरी वेगळं, खानापूरकडनं पावसात निघालात तर जवळचं बरं. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, पण तुमचं कार्ड तिथं चालतं का हे निघायच्या आधी फोनवर विचारूनच घ्या, दारात जाऊन वाद नको.

आता खरा घोळ. घरात कोणीतरी म्हणतंच, "ऐंशी वय झालं, आता कशाला कापाकापी, झोपून राहू दे." अहो, झोपून राहणंच जास्त धोक्याचं! छातीत कफ साठून न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताची गुठळी, लघवीचं इन्फेक्शन, हे सगळं अंथरुणातच होतं. म्हणून तब्येत तयार असेल तर ४८ तासांच्या आत ऑपरेशन झालेलं चांगलं. खुब्याच्या हाडाच्या मानेजवळ, म्हणजे सांध्यातल्या गोळ्याच्या खालच्या निमुळत्या भागात, तुटून हाड सरकलं असेल तर बहुतेक तो गोळाच बदलतात, त्याच्या खाली तुटलं असेल तर रॉड किंवा प्लेट घालतात. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात, तेव्हा "अजून दुखूलालंय, उद्या बघू" असं तुम्हीच म्हणू नका, वेदनेची गोळी आधी मागून घ्या आणि उभं करा.

रात्री आज्जी भलतंच बोलायला लागली, मेलेल्या भावाला हाका मारायला लागली तर घाबरू नका, बाधा-बिधा नाही, ऑपरेशननंतर असं होतं. डॉक्टरांना लगेच सांगा, चष्मा आणि कानाचं मशीन लावा, ओळखीचं माणूस जवळ बसवा. आणि नर्सशी कन्नडात बोलणारं एक पोरगं तिथं असू द्या, काम लवकर होतं.

घरी आल्यावर पाटावर बसणं, मांडी घालणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद, कमोडची खुर्ची आणा.

एक गोष्ट मात्र सगळेच विसरतात. हाड जोडलं म्हणजे ठिसूळपणा गेला असं नाही, दुसरा खुबा तसाच आहे. डिस्चार्जच्या वेळीच हाडं बळकट करायच्या औषधाचं विचारा, गोळी असते किंवा वर्षातनं एकदा सलाईनमधनं द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड असतं, पण त्याआधी व्हिटॅमिन डी आणि किडनी तपासून घेतात. आणि झोपेची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, रात्री लघवीला उठताना तोल जातो तो बऱ्याचदा तिच्यामुळंच.