‘आम्ही’मधला ‘मी’: कॅम्पस मुलाखतीतील प्रसंगाधारित प्रश्नांची तयारी

कॅम्पस मुलाखतीच्या एचआर फेरीत “सहकाऱ्याशी मतभेद झाले असा एखादा प्रसंग सांगा” किंवा “अपयश आले तेव्हा तुम्ही काय केले?” असे प्रश्न हमखास येतात. उमेदवार यापूर्वी कसा वागला, यावरून तो पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधणे हा त्यांचा हेतू असल्यामुळे “मी मेहनती आहे” यासारख्या वाक्यांना तिथे काही मोल नसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेताना मला दोन अडचणी वारंवार दिसतात. आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही, असे त्यांना वाटते. आणि सांगू लागले की प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू होते.

पहिल्या अडचणीवर उपाय म्हणजे एक वही घेऊन गेल्या तीन-चार वर्षांतले सहा-सात प्रसंग लिहून काढणे. ते केवळ प्रोजेक्ट आणि इंटर्नशिपमधलेच हवेत असे नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब, एनएसएसचे शिबिर, 2021च्या जुलैमध्ये चिपळूणला पूर आल्यानंतर केलेली साफसफाई, घरची बाग, यांतही निर्णय, वाद आणि चुका असतातच. मात्र प्रसंग तुमच्यासमोर घडला एवढे पुरेसे नाही, त्यात तुम्ही काही ठरवलेले असले पाहिजे.

देवगडकडच्या एका विद्यार्थिनीचे पहिले उत्तर असे होते: “आम्ही घरचे आंबे थेट पुण्याला विकतो, तक्रारी आल्या तेव्हा आम्ही त्या सोडवल्या.” खोदून विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. काही पेट्यांत साका, म्हणजे आतून पांढरट आणि स्पंजासारखा झालेला गर, निघत होता. तिने कोणता आंबा कधी उतरवला आणि कुठे ठेवला याची नोंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा तक्रारी मुख्यतः दुपारी काढून तापलेल्या कातळावर राहिलेल्या फळांच्या आहेत, असे तिच्या लक्षात आले. झेल्याने (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीने) आंबे सकाळीच उतरवावेत आणि लगेच सावलीत न्यावेत, हे गड्यांना आणि विशेषतः वडिलांना पटवायला तिला आठवडा लागला. त्यानंतर तक्रारी कमी झाल्या. निरीक्षण, नोंद, मोठ्यांशी मतभेद आणि परिणाम हे सगळे या एकाच प्रसंगात आहे, त्यामुळे तीन वेगवेगळ्या प्रश्नांना तो उपयोगी पडतो.

उत्तराची मांडणी ‘स्टार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रमाने करावी: परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम. दोन मिनिटांच्या उत्तरात पहिल्या दोन भागांना मिळून अर्धा मिनिट पुरते, आणि निम्म्याहून अधिक वेळ कृतीला द्यावा. बहुतेक जण नेमके उलटे करतात. ‘मी’ म्हणणे आपल्याकडे आगाऊपणाचे वाटते हे मला मान्य आहे, परंतु मुलाखत घेणाऱ्याला निवड एकाच व्यक्तीची करायची असते. म्हणून लिहिलेल्या उत्तरातल्या प्रत्येक ‘आम्ही’खाली रेघ ओढा आणि त्यात तुमचा वाटा कोणता, ते तिथेच लिहा. इतरांचे श्रेय एका वाक्यात मोकळेपणाने द्यावे.

अपयशाच्या प्रश्नाला “मी फार परफेक्शनिस्ट आहे” असे गोड उत्तर देऊ नये. खरी चूक सांगावी, ती स्वतःची असावी, आणि त्यानंतर कामाची पद्धत कशी बदलली हे दाखवावे. रचलेली गोष्ट टिकत नाही, कारण “मग इतरांचे म्हणणे काय होते?”, “दुसरा पर्याय का नाकारला?” असे उपप्रश्न येतातच.

भाषेची भीती अनेकांना असते. प्रसंग आधी मराठीत पक्का करावा, वहीत केवळ मुद्दे ठेवावेत आणि मग मित्रासमोर रोज एक उत्तर इंग्रजीत मोठ्याने बोलावे. पाठ केलेला परिच्छेद मध्येच अडवला की तुटतो, मुद्दे तुटत नाहीत.

प्लेसमेंटचा हंगाम बहुधा ऐन पावसाळ्यात सुरू होतो, त्यामुळे व्यवस्थेचा विचार आधीच करावा लागतो. मुंबई-पुण्याला पूल कॅम्पस, म्हणजे अनेक महाविद्यालयांच्या एकत्रित मुलाखती, असेल तर आदल्या दिवशीच पोहोचावे, कारण पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या मुळातच सावकाश धावतात. मुलाखत ऑनलाइन असेल आणि गावात वीज किंवा नेटवर्कचा भरवसा नसेल, तर महाविद्यालयातली खोली आधीच मागून घ्यावी, आणि संपर्क तुटल्यास कोणाला फोन करायचा तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.