मन उतरलंय, पण सांगायचं कसं? या चुका टाळा

"लई आवडतीस" म्हणायला कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. तेच त्या प्रेमातून मन उतरायला लागलं की शब्द सुचंनासे होतात. मग माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर नको ते बोलून बसतो. गप्प बसण्यात समोरच्याचे महिनेच्या महिने वाया जातात, म्हणून बोलायला हवंच. फक्त बोलताना पुढच्या चुका होऊ देऊ नका.

तपासाआधीच निकाल

सुरुवातीची धडधड, दर पाच मिनिटांनी फोन बघणं, हे ओसरणारच. डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये या अवस्थेबद्दल सविस्तर लिहिलं. ती साधारण दीड ते तीन वर्षं टिकते, असा त्यांचा अंदाज होता. तेव्हा ती ओसरली म्हणून लगेच प्रेम संपलं असं धरू नका. आधी स्वतःला विचारा. तिचा फोन आला की नुसता कंटाळा येतो की धास्ती वाटते? चांगली बातमी मिळाली की पहिल्यांदा कुणाला सांगावंसं वाटतं? भेटून परतताना सुटल्यासारखं वाटतं का?

आणि कट्टा, रविवारची मिसळ, शाहू स्टेडियमवरची पेठांची फुटबॉल मॅच, सगळंच बेचव झालं असेल तर थांबा. कदाचित नातं ठीक असेल आणि तुम्हीच बरे नसाल. नैराश्यातही कशातच मन लागत नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी नंबरावर मराठीत मोफत बोलता येतं. नात्याचा फैसला त्यानंतर करा.

"घरचे तयार नाहीत"

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक हीच. आपलं मन उतरलेलं असतं आणि आपण ते आईवडिलांच्या नावावर खपवतो. जात, पत्रिका, गावाकडची शेती, धाकट्या बहिणीचं लग्न, कारणं हाताशी तयारच असतात. समोरच्याला ती खरी वाटतात, कारण कित्येकांच्या बाबतीत ती खरीच असतात. मग तो किंवा ती लढायला उभी राहते. तुमच्या मामाला भेटते, स्वतःच्या घरी भांडण काढते, "दोन वर्षं थांबू, होतील तयार" म्हणते, आलेली स्थळं परतवते. जी लढाई नाहीच, त्यात एक माणूस एकटा लढत राहतो. हे मला अतिशय क्रूर वाटतं. नकार पचवता येतो, पण घरच्यांनी कधी विचारलंही नव्हतं हे वर्षभरानं तिसऱ्याकडून कळतं, ते पचत नाही. घरचा विरोध खराच असेल तर जरूर सांगा. नसेल तर त्यांना मध्ये ओढू नका.

पहिलंच वाक्य आरोपाचं

"तू बदललास", "तुला माझी किंमतच नाही." इथून सुरुवात झाली की पुढचा तास हिशोबात जातो. जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर या संशोधकांनी १२४ नवविवाहित जोडप्यांचे वाद तपासले. त्यावर १९९९ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात वादाच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनच पुढे घटस्फोट होईल का, याचा अंदाज बांधता आला. ज्यांची सुरुवात कडवट, त्यांचं पुढं जास्त बिघडलं.

त्यापेक्षा आपल्याकडून सुरू करा आणि नेमकं बोला. समजा एखादी मुलगी आपल्या कोल्हापुरी बोलीत असं म्हणाली: "गेले काही महिने मी तुला भेटायला निघतो ते सवयीनं. तू बोलत असतोस आणि माझं लक्ष नसतं. तुझं काय चुकलं नाही. मला पूर्वीसारखं वाटंना झालंय, आणि हे तुझ्यापासून लपवून मला राहवंना." यात दोष देणं नाही, आणि आडपडदाही नाही.

जागा चुकते

रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर हे बोलू नका. शेजारी भेळेची गाडी, आणि कुणाचे तरी काका फिरायला आलेलेच असतात. रडणंसुद्धा दाबावं लागतं. पन्हाळा तर नकोच. सांगून झाल्यावर वीसेक किलोमीटर त्याच गाडीवर त्याच माणसामागं बसून यायचं! आठवड्यातल्या दिवशी, निवांत जागी, दोघं वेगवेगळ्या गाड्यांवर या. व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नको. मात्र समोरचा माणूस अंगावर धावून येणारा असेल तर फोनच बरा, आणि मैत्रिणीला आधी कल्पना देऊन ठेवा.

"सध्या जरा ब्रेक घेऊया"

मनातून संपलं असेल तर "सध्या" म्हणू नका. त्या एका शब्दावर माणूस वर्ष काढतो. आणि सावरायची इच्छा असेल, विशेषतः लग्न झालेलं असेल, तर तेही तितकंच स्पष्ट सांगा: "मला दुरावा जाणवतोय, आणि मला तो घालवायचाय." समुपदेशकाकडे जायचं असेल तर कधी, तेही तिथंच ठरवा.

बोलणं फिसकटलं तर

"दुसरं कोण हाय?" हा प्रश्न येणारच. असेल तर हो म्हणा, नसेल तर एकदाच नाही म्हणा. शपथा घेत बसू नका. रडू आलं म्हणून शब्द मागं घेऊ नका, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगावं लागतं. आवाज चढले तर वीस मिनिटं बाजूला व्हा.

"मी जिवाचं बरंवाईट करीन" असं ऐकू आलं तर ती नुसती धमकी समजू नका. एकटं सोडू नका, त्याच्या घरच्या किंवा जवळच्या माणसाला तिथंच फोन लावा, गरज पडली तर ११२. पण भीतीपोटी लग्नाचं वचन देऊ नका. जवळचं माणूस पोचल्यावरच तिथून निघा, आणि पुढचे काही दिवस चौकशी त्या माणसाकडेच करा.