ठाण्याहून अंधेरीला जाताना दादर टाळा

कल्याण-ठाण्याकडून अंधेरीला जायचं म्हटलं की आजही बरेच जण दादरला गाडी बदलतात. सकाळच्या गर्दीत दादरचा पूल ओलांडण्यातच निम्मी ताकद जाते. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर हा मार्ग घेऊच नका.

त्याऐवजी घाटकोपरला उतरा. २०१४ पासून तिथून वर्सोव्यापर्यंत मेट्रो १ धावते. घाटकोपर आणि अंधेरी या दोन्ही ठिकाणी मेट्रो स्टेशन रेल्वेला पुलाने जोडलेलं आहे, रस्त्यावर उतरावं लागत नाही. साकीनाका, मरोळ, चकाला इथल्या ऑफिसांना जाणाऱ्यांना तर अंधेरीपर्यंत जायचीही गरज नाही, मध्येच उतरता येतं.

लोकलचं तिकीट घाटकोपरपर्यंतच काढा, मेट्रोचं वेगळं लागतं. तेही मोबाईलवर क्यूआर तिकीट आधीच काढून ठेवा, म्हणजे खिडकीची रांग चुकते. गाडीत चढण्याआधी इंडिकेटर नीट वाचा: ‘एस’ म्हणजे धीमी, ‘एफ’ म्हणजे जलद. जलद असेल तर घाटकोपरला थांबते ना, हे बघूनच चढा. संध्याकाळी परतताना मात्र घाटकोपरचा पूल खच्चून भरलेला असतो, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं हातात ठेवून निघा.