सेट टेम्पोत बसतो का?

व्यावसायिक नाटकाच्या व्यवस्थापनात यायचंय म्हणणारी मुलं भेटली की आधी संहितेबद्दल, दिग्दर्शकाबद्दल बोलतात. मी विचारतो, सेट टेम्पोत बसतो का? मुलांचा चेहरा उतरतो. एके काळी माझाही उतरायचा.

व्यवस्थापक म्हणून माझं ते दुसरंच नाटक. दिग्दर्शकाला दुमजली वाडा हवा होता आणि जिना खराखुरा, चढता येईल असा. नेपथ्यकाराने मॉडेल दाखवलं आणि मीच निर्मात्याच्या गळी उतरवलं. रंगीत तालमीत वाडा झकास दिसला. तो लावायला साडेतीन तास लागतात आणि उतरवायला दोन, हे मात्र मी घड्याळ लावून कधी पाहिलंच नव्हतं.

मग एका रविवारच्या तारखा मिळाल्या : सकाळी ११ ला ठाणे, दुपारी ४.३० ला दादर. दोन्ही प्रयोगांचे प्लॅन (तिकीटविक्रीचे आसन-तक्ते) भराभर भरत होते, त्या आनंदात मी होकार देऊन बसलो. ठाण्याचा प्रयोग दीडला सुटला. पुढचं गणित तुम्हीच करा. दादरला तिसरी घंटा सव्वा तास उशिरा झाली, तीही वरचा मजला टेम्पोतच ठेवून. बुकिंगच्या खिडकीवर पैसे परत मागणाऱ्यांची रांग होती. त्यांच्या शिव्या मी खाल्ल्या, आणि त्या माझ्याच होत्या.

गंमत पुढे आहे. मजल्याविना प्रयोग रंगला. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला विचारलं, ‘यातलं काय गेलं तर नाटक मरेल?’ तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘जिना. आई खाली उतरत नाही, तो प्रवेश जिन्याशिवाय होणार नाही.’ जिना राहिला, वाडा गेला, आणि सेट सव्वा तासात लागू लागला. हा प्रश्न मी आता पहिल्या वाचनालाच विचारतो. लाकूड कापल्यावर विचारून काय उपयोग? तेव्हा उरतं फक्त भांडण.

याचा अर्थ खर्चीक कल्पना दिसली की कात्री चालवायची, असा नाही. ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आलं ते फिरता रंगमंच घेऊन. न्यायालय आणि आरोपी लखोबाचे जुने प्रताप असं सारखं मागेपुढे जाणारं ते नाटक. दर वेळी पडदा पाडून सेट बदलला असता तर रंगतच गेली असती. तिथे तो खर्च संहितेनेच मागितला होता. आमचा मजला संहितेने मागितला नव्हता. उलट टोकाचं उदाहरण बालगंधर्वांचं. रंगमंचावरच्या वैभवात त्यांनी काटकसर केली नाही आणि त्यांची गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली. त्यांच्यावर प्रेम करावं, हिशेब मात्र त्यांच्यासारखा ठेवू नये.

पैशाचं थोडक्यात. कलाकारांची नाईट (दर प्रयोगाचं मानधन), नाट्यगृहाचं भाडं, बस-टेम्पो, जाहिरात हे प्रेक्षक ५० आले काय नि ८०० आले काय, द्यावंच लागतं. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यामुळे दर त्यापुढे न्यायला निर्माते कचरतात. म्हणजे वरचं उत्पन्न बांधलेलं, खालचा खर्च मोकाट. परीक्षांच्या दिवसांत आणि मुसळधार पावसात नवं नाटक काढू नका. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र हातात येईपर्यंत शुभारंभाची तारीख छापू नका. प्रमुख भूमिकेची रिप्लेसमेंट, म्हणजे पर्यायी नट, दहाव्या प्रयोगाच्या आत तालमीत उभी करा. मूळ नट नाराज होतो, होऊ द्या. मालिकेचं शूटिंग लांबलं की तोच आभार मानतो.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा एवढी सगळी खबरदारी कुणाच्याच कामी आली नाही. ज्यांचे पैसे प्रयोगावर, त्यांची चूल आधी थंडावली. तेव्हापासून मी दर प्रयोगामागे थोडी रक्कम बॅकस्टेजच्या मुलांसाठी बाजूला काढायला लावतो. निर्माता कुरकुरतो.

सुरुवात करणार असाल तर पहिले काही महिने ऑफिसात बसू नका. दौऱ्याच्या बसमध्ये मागच्या सीटवर बॅकस्टेजची मंडळी असतात, त्यांच्यात बसा. कुठल्या गावात विंग अरुंद आहे, कुठे टेम्पो दारापर्यंत जात नाही, कुठे ऐन दुसऱ्या अंकात वीज जाते, सगळं तिथेच कळतं. फक्त चहा तुमच्याकडून.