मोबाईलशिवाय दीड-दोन वर्षांचं पोरगं रमवायचं कसं? स्वयंपाकघरात घ्या त्याला

आधी एक सांगते, त्या रील्समधल्या ॲक्टिव्हिटी डोक्यातून काढून टाका. रंगवलेले तांदूळ, कापून ठेवलेले आकार, सगळं ट्रेमध्ये छान मांडलेलं... मांडायला आपला पाऊण तास जातो आणि पोरगं पाच मिनिटांत ट्रे उलटा करून पळतं, मग तांदूळ झाडायचे कोणी?

त्यापेक्षा मूल मोबाईल नेमका कधी मागतं ते बघा. आपण कामात असतो तेव्हा. कुकर लावताना, पोळ्या लाटताना, नाहीतर भरवताना आपणच देतो. म्हणजे खेळ पण त्याच वेळी आणि त्याच जागी पाहिजे, दुपारी वेगळा तास काढून कितीही खेळवलं तरी संध्याकाळी सात वाजता रडारड आहेच. आणि या वयाच्या मुलाला खेळण्यापेक्षा तुमच्या हातात काय आहे त्यातच जास्त इंटरेस्ट असतो, ते वापरून घ्या.

सगळ्यात भारी वस्तू म्हणजे कणीक. पोळ्यांची मळून झाली की लिंबाएवढा गोळा द्या, जुनं छोटं पोळपाट-लाटणं असेल तर उत्तमच, नसेल तर ताट उलटं घाला. सुरुवातीला मूल नुसतं बोटं खुपसतं, चिमटे काढतं, तेवढंच पुष्कळ आहे, बोटांत ताकद त्यानंच येते. दोनेक वर्षांचं झालं की वाटी उलटी दाबून गोल पाडायचे, गाळणी दाबून जाळी उमटवायची, साप करायचा, सापाचे तुकडे करायचे. रंग हवा असेल तर बीटाचा रस घाला किंवा हळद (हळदीचा डाग कपड्यावरून जात नाही म्हणून घाबरू नका, धुऊन कडक उन्हात टाका, फिका पडतो). नेटवर मीठ घालून टिकाऊ पीठ करायच्या रेसिपी असतात, त्यात पिठाच्या निम्मं मीठ असतं, सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला ते अजिबात देऊ नका, साधी कणीकच बरी. ती पण खायला नाही हं, चिमूटभर जाणारच पोटात पण कच्चं पीठ पोटाला चांगलं नसतं, तेव्हा लक्ष ठेवा आणि नंतर हात धुवा.

पोळ्या संपेपर्यंत कणकेचा कंटाळा आला तर डबे काढून द्या. स्टीलचे तीन-चार डबे आणि त्यांची झाकणं एकत्र करून. कुठलं झाकण कुठल्या डब्याला बसतं हे शोधण्यात जे डोकं लागतं ते महागड्या पझलएवढंच असतं. आवाज होतो खूप, ते मात्र सहन करायला लागेल.

भाजी निवडताना मेथी किंवा कोथिंबीर पुढ्यात टाका, पानं तोडायला फार आवडतं. निम्मी पानं जमिनीवर जातील, जाऊ देत. मटार सोलायला मात्र तीन वर्षांच्या आत देऊ नका, आणि हरभरे, शेंगदाणे, राजमा, मणी, बटणं यांचे वेगवेगळे करायचे खेळ पण नकोत. लहान मुलाच्या घशात किंवा श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तू ह्याच, नाकात पण घालतात. निवडायचा खेळ हवाच असेल तर चमचे आणि वाट्या वेगळ्या करा, कांदे-बटाटे वेगळ्या टोपल्यांत टाकायला लावा. हे करताना नुसतं बोलत राहायचं, हा बटाटा जड आहे, कांद्याचं साल कसं कुरकुरतंय, दोन झाले आता तिसरा आण. भाषा अशीच येते, समोर बसवून रंगांची नावं विचारत बसायची गरज नाही, परीक्षा घेतली की मुलं उठून जातात.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, पानं, बिया असल्या आसपासच्याच वस्तू वापरल्या होत्या. आपल्याकडे हे इतकं जुनं आहे, तरी आपण लाकडी इंपोर्टेड ठोकळे कार्टमध्ये टाकून बसतो.

पाण्याचा खेळ सगळ्यांना ठेवतो गप्प. परातीत दोन बोटं पाणी, एक तांब्या, दोन पेले, स्पंजचा तुकडा, बस. गच्चीत किंवा शहाबादी फरशीवर जुना ब्रश आणि पाणी दिलं तर फरशी ओली झाली की काळी दिसते आणि वाळली की चित्र गायब, परत काढा. पण पाण्यापाशी एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, बादलीत थोडंसंच पाणी असलं तरी लहान मूल डोक्यावर पडून बुडू शकतं, म्हणून खेळ झाला की भांडी लगेच रिकामी करा.

अंग हलायला पण पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं तरी हालचाल हवी, आणि स्क्रीन दोन वर्षांच्या आत शक्यतो नाहीच, दोन ते चारमध्ये तासाच्या वर नको. १८० आकडा ऐकून दचकू नका, लोडावर चढणं-उतरणं, रिकाम्या खोक्यात बसवून ओढणं, वाळलेले कपडे एकेक करून आईकडे आणणं हे सगळं त्यात धरतात. आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल केला तर मनाला लावून घेऊ नका, ती वेगळी गोष्ट आहे.

आता जेवण. मोबाईल लावून भरवायची सवय असेल तर ती एका दिवसात सुटणार नाही, दोन-चार दिवस घास कमी जातील, रडणं होईल. ताट मुलाच्या पुढ्यात ठेवा, त्याला स्वतःच्या हातानं वरणभात सांडू द्या, एक घास चिऊचा एक काऊचा आहेच. भूक लागली की खातं. वजन वाढत नसेल किंवा खाणं फारच कमी वाटत असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा.

मूल समोर असताना आपला फोन पण दुसऱ्या खोलीत राहिला पाहिजे. घरात संध्याकाळी सिरियल लागत असेल तर सासूबाईंशी भांडू नका, त्याच वेळेला कणकेचा गोळा घेऊन मुलाला आत न्या, आणि सिरियल संपली की चिऊकाऊची गोष्ट सांगायचं काम आजीला द्या, आजी नाही म्हणत नाहीत.