पैसे कट झाले, पण स्पीकर बोलला नाही: छोट्या दुकानात क्यूआर लावताना आणि तो अडल्यावर

क्यूआरचा स्टिकर चिकटवायला पाच मिनिटे पुरतात. तो दुकानात टिकणार की महिन्याभराने पुन्हा 'फक्त रोख' अशी पाटी लागणार, हे मात्र पहिल्यांदा पैसे अडकतात त्या दोन मिनिटांत ठरते. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेलेले असतात, पैसे आल्याचे बोलून सांगणारा तुमचा स्पीकर गप्प असतो आणि मागे रांग वाढत असते. गडबड बँकेच्या सर्व्हरची असली तरी समोर तुम्ही उभे असता, त्यामुळे राग तुमच्यावरच निघतो. किराणा दुकान, वडापावची गाडी, भाजीचा गाळा, सलून, झेरॉक्सचे दुकान अशा ठिकाणी हे आधीच कसे सांभाळून ठेवावे, ते पुढे दिले आहे.

माणूस कुठे कचरतो

नवे तंत्र लोक का घेतात, यावर अमेरिकेतील संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेली मांडणी आजही वापरली जाते. आपल्याला याचा उपयोग किती आणि हे वापरायला सोपे किती, असे दोनच प्रश्न माणूस मनात विचारतो. त्यांच्या अभ्यासात उपयोगाचे वजन सोपेपणापेक्षा जास्त भरले. दुकानात हे रोज दिसते. वापर थोडा किचकट वाटला तरी 'सुट्टे नाहीत' ही कटकट मिटते म्हणून लोक मोबाइल काढतात. नोटाबंदीने लोकांना नाइलाजाने वळवले असेल, पण सवय लावली ती सुट्ट्या पैशांनीच.

वयस्कर गिऱ्हाइकांची अडचण बहुतेक वेळा बटणांची नसते. 'चुकून जास्त गेले तर?' ही भीती असते. अशा गिऱ्हाइकाला अ‍ॅपची माहिती सांगत बसू नका. पहिला व्यवहार १० रुपयांचा करायला सांगा आणि पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारे नाव मोठ्याने वाचायला लावा. पिन त्यांचा त्यांनाच टाकू द्या. मोबाइल स्वतःच्या हातात घेऊन 'आणा, मी करतो' म्हणणारा दुकानदार मदत करत असतो, पण गिऱ्हाईक त्यातून काही शिकत नाही आणि पुढे पैशांचा घोळ झाला तर संशयही त्याच्यावरच येतो.

दुकानदाराचे कचरणे वेगळे असते. भाजीवाल्याला पहाटे मार्केटमध्ये रोख मोजावी लागते आणि दिवसाची कमाई बँकेत अडकलेली असते. म्हणून क्यूआर घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: पैसे लगेच खात्यात जमा होतात की दुसऱ्या दिवशी एकत्र? वैयक्तिक यूपीआयवर ते थेट खात्यात येतात. दुकानासाठी कंपनीकडून घेतलेल्या व्यापारी क्यूआरवर मात्र कंपनीनुसार फरक पडतो.

दुसरी भीती कराची. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूत कित्येकांनी क्यूआर काढून रोख मागायला सुरुवात केली. तंत्रात काहीच बिघडले नव्हते, भरवसा उडाला होता. नियम माहीत असला तर एवढे घाबरायचे कारण उरत नाही. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. गाडीवर खायला देणे सेवेत मोडते, तेव्हा वडापाववाल्याने २० लाखांचा आकडा धरावा. ताजी भाजी, सुटे दूध अशा फक्त करमुक्त मालाची विक्री असेल तर नोंदणीचा प्रश्नच येत नाही. उलाढालीची ही मोजणी रोख धरूनच होते, त्यामुळे क्यूआर काढून ती कमी होत नाही. उलट प्राप्तिकरात अंदाजे नफा धरताना रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के धरला जातो, हा क्यूआरचा फायदाच.

लावताना

स्टिकरवरचे नाव आणि खात्याचे नाव वेगळे असेल तर गिऱ्हाईक पिनपाशी थबकते. पाटीवर 'साई स्नॅक्स' आणि मोबाइलवर घरातल्या कुणाचे तरी नाव, असे असेल तर स्टिकरखाली मार्करने खात्याचे नाव लिहून टाका. 'हेच नाव येईल का?' हा प्रश्न दिवसातून वीस वेळा ऐकावा लागणार नाही.

स्टिकर गिऱ्हाइकाच्या छातीच्या उंचीवर, काउंटरच्या बाहेरच्या बाजूला हवा. काचेच्या आत किंवा ट्यूबलाइटखाली चकचकीत लॅमिनेशन असेल तर उजेड परततो आणि स्कॅन होत नाही. तळणाजवळ तेलाचा थर बसतो, तेव्हा रोज ओल्या फडक्याने पुसा आणि कोपरे सुटले की स्टिकर बदला.

दोन बँकांचे क्यूआर असणे चांगले, पण दोन्ही एकाच वेळी दर्शनी लावू नका. स्पीकर फक्त स्वतःच्या क्यूआरचे पैसे बोलतो. गिऱ्हाइकाने दुसरा स्कॅन केला की पैसे येतात, स्पीकर मात्र गप्प राहतो आणि विनाकारण वाद होतो. दुसरा खणात ठेवा, पहिला बंद पडल्यावर काढा.

शक्य असल्यास क्यूआरसाठी वेगळे खाते ठेवा आणि त्यातली रक्कम दर दोन-तीन दिवसांनी हलवा. सायबर फसवणुकीचे पैसे फिरत फिरत तुमच्याकडे माल घेणाऱ्याच्या हातून आले, तर तपासात तुमच्या खात्यातली रक्कम रोखली जाऊ शकते. तुमचा दोष नसतो, पण घरखर्चाचे पैसे त्याच खात्यात असले तर सगळेच अडते. बिलबुके जपून ठेवा, खुलासा करताना तीच कामी येतात.

व्यापारी क्यूआरवर बँक खात्यातून आलेल्या यूपीआयला २०२० पासून शुल्क नाही. यूपीआयला जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड आणि वॉलेट यांच्या २,००० रुपयांवरच्या रकमांवर मात्र शुल्क लागू शकते. स्पीकरचे मासिक भाडे खात्यातून आपोआप कापले जाते का, हेही सही करण्याआधीच विचारा.

दुकान उघडल्यावर रोज एक मिनिट द्या. घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरून स्वतःचाच क्यूआर स्कॅन करा, आलेले नाव वाचा, १ रुपया पाठवा, स्पीकर बोलतो का ते ऐका. रात्रीत कुणी तुमच्या स्टिकरवर स्वतःचा चिकटवला असेल तर तो इथेच सापडतो. स्पीकरचे सिम, बॅटरी आणि आवाजही एकदमच तपासून होतात.

अडले म्हणजे नक्की कुठे अडले

यूपीआयमध्ये गिऱ्हाइकाची बँक, मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था आणि तुमची बँक अशी साखळी असते. आधी पैसे कापले जातात, मग जमा होतात आणि शेवटी दोघांना निरोप जातो. यातली कडी तीनपैकी एका ठिकाणी निसटते.

कापण्याआधीच निसटली तर गिऱ्हाइकाकडे 'फेल' दिसते आणि खात्यात पैसे तसेच असतात. कारण चुकीचा पिन, संपलेली रोजची मर्यादा, कमी शिल्लक किंवा बंद सर्व्हर. पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही, फक्त सर्व्हर बंद असेल तर त्याच बँकेतून चार वेळा धडपडू नये. दुसरे खाते किंवा यूपीआय लाइट वापरायला सांगा. लाइटमधले पैसे मोबाइलवरच्या वेगळ्या शिलकीतून जातात, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या बँकेचा सर्व्हर मंद असला तरी ते सहसा निघतात. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत, पिनशिवाय.

कापले गेले पण जमा झाल्याची खात्री आली नाही, तर 'प्रोसेसिंग' किंवा 'पेंडिंग' दिसते. सगळ्यात तापदायक अवस्था हीच. पैसे एकतर थोड्या वेळाने तुमच्याकडे येतात, नाहीतर परत जातात.

तिसरी अवस्था सर्वांत जास्त फसवते. पैसे खात्यात आलेले असतात, फक्त स्पीकरला रेंज नसते. आठवडी बाजारात, जत्रेत, घाटातल्या गावात हे नेहमीचे. अशा वेळी दुकानदार 'आले नाहीत' म्हणतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे देते. म्हणून स्पीकर बोलला नाही एवढ्यावरून पैसे आले नाहीत असे कधीही म्हणू नका.

पहिली दोन मिनिटे

तोंडातून निघणारे पहिले वाक्य महत्त्वाचे. 'तुमचेच नेट स्लो आहे' किंवा 'तुमची बँकच तशी' असे म्हटले की गिऱ्हाइकाला रांगेसमोर खोटे पडल्यासारखे वाटते, पुढची भांडणे तिथूनच सुरू होतात. त्याऐवजी: 'थांबा, माझ्याकडे बघतो. पैसे बुडणार नाहीत.' मग बाजूला घ्या आणि पुढच्याला माल द्या, म्हणजे तमाशा होत नाही.

नंतर हा क्रम:

१. गिऱ्हाइकाच्या अ‍ॅपमध्ये नेमके काय लिहिले आहे ते वाचा. पाठवलेला स्क्रीनशॉट चालणार नाही, अ‍ॅपच्या हिस्टरीत जाऊन तोच व्यवहार उघडायला सांगा. हुबेहूब हिरवी टिक दाखवणारी नकली अ‍ॅप फिरत असतात.

२. तिथला १२ अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, बघा. तुमच्या व्यापारी अ‍ॅपची यादी ताजी करून रक्कम, वेळ आणि यूटीआरचे शेवटचे चार अंक जुळवा. जुळले तर काम संपले, चिडू नका, माफी मागा.

३. 'पेंडिंग' असेल तर दोन मिनिटे थांबा. दर दहा सेकंदांनी यादी चाळून काही लवकर होत नाही.

४. तरीही आले नाहीत तर रकमेप्रमाणे ठरवा. हा आकडा आधीच ठरलेला हवा आणि काउंटरवरच्या पोराला माहीत हवा, नाहीतर तो मालकाला फोन लावत बसतो आणि गिऱ्हाईक ताटकळते. समजा २०० रुपयांपर्यंत: वहीत नाव, रक्कम, वेळ, यूटीआरचे चार अंक लिहा आणि माल द्या. त्याहून जास्त: रोख किंवा दुसऱ्या खात्यातून घ्या आणि बिलावर लिहून द्या, 'आधीचे आल्यास परत देऊ', खाली सही आणि दुकानाचा नंबर. किंवा माल बाजूला ठेवून द्या.

छोट्या रकमेत थोडे बुडेल ही भीती रास्त आहे. पण नेहमीच्या गिऱ्हाइकाला ४० रुपयांसाठी ताटकळत ठेवले तर महिन्याचा किराणा शेजारच्या दुकानात जातो, तो तोटा वहीत दिसतही नाही. जो भांडतो तो तुम्हाला दुरुस्तीची संधी तरी देतो. जो काही न बोलता रोख देऊन निघून गेला, तो पुन्हा येतो का याकडे लक्ष ठेवा.

सेवा चुकल्यावर माणूस तीन गोष्टी तोलतो: माझे पैसे मिळाले का, मिळायला किती खेटे घालावे लागले, आणि बोलताना मान ठेवला का. तिसरी फुकट आहे आणि तीच आपण विसरतो. चूक चांगली निस्तरली तर गिऱ्हाईक आधीपेक्षा खूश होते, असे व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात. समाधानाबाबत ते काही अंशी खरे. पण तीच चूक दुसऱ्यांदा झाली की आधी कमावलेले पुण्य संपते. एकाच आठवड्यात दोनदा स्पीकर गप्प राहिला तर गोड बोलणे पुरणार नाही, स्पीकर बदला.

पैसे परत कधी आणि कुणाकडून

गिऱ्हाइकाला 'बँकेत विचारा' एवढेच सांगून वाटेला लावू नका, तारीख सांगा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार पैसे कापले गेले आणि दुकानापर्यंत खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवलेल्या रकमेसाठी ही मुदत १ दिवस. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न बघता.

तक्रार आधी अ‍ॅपमधल्या त्याच व्यवहारावर जाऊन नोंदवायची, नंतर गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या बँकेत. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याला फी नाही. माहितीसाठी १४४४८. गिऱ्हाइकाने घाईत शेजारच्या गाडीचा क्यूआर स्कॅन केला असेल तर मात्र तो अडलेला व्यवहार धरला जात नाही. पैसे नीट पोहोचले आहेत, फक्त भलत्याच्या खात्यात. तिथे शेजाऱ्याकडे स्वतः जाऊन मागणेच लवकर होते.

'चुकून ५,००० आले बघा, ४,५०० परत पाठवा' असा फोन किंवा एसएमएस आला तर बँकेच्या अ‍ॅपमधली जमा बघितल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका. परत करायचेच असेल तर व्यापारी अ‍ॅपमधून त्याच व्यवहारावर रिफंड द्या, नव्या नंबरवर नको. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ हवे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

रात्री गल्ला मोजताना वहीतले पेंडिंग अ‍ॅपच्या यादीशी जुळवा. आलेल्यांवर खूण करा. ज्याचे दोनदा आले त्याला त्याने विचारण्याआधी फोन करा. सहाव्या दिवशीही खूण नसलेली नोंद उरली तर गिऱ्हाईक पुन्हा येईल तेव्हा तेवढेच विचारा: 'तुमचे ते परत आले का?' आले असतील तर बहुतेक जण तिथेच खिशात हात घालतात.