ब्रेक कॅलिपर घरीच खोलून नवीन सील टाकायचे असतील तर

गाडी एका बाजूला ओढते, थोडं फिरून आल्यावर एकच चाक सणसणीत तापलेलं असतं, म्हणजे बहुतेक कॅलिपर (डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) जाम आहे. पण लगेच पिस्टन (पॅडला ढकलणारा कॅलिपरमधला दट्ट्या) काढायला धावू नका, आधी स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या पिना) बघा. आतला पॅड संपत आलाय आणि बाहेरचा जवळपास नवा, असं असेल तर बऱ्याचदा नुसत्या पिनाच सुकलेल्या असतात, साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं की काम झालं.

पिस्टनच अडकला असेल तर मग खोलावंच लागतं. आपल्या मॉडेलचा सील किट (पिस्टनभोवतीची रबरं) आधी आणून ठेवा, गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर कधीच नाही) आणि कॅलिपर गाडीवर असतानाच ब्लीड निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल होतोय का बघा. रात्रभर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि रिंग पानाच वापरा, फिक्स पान्याने कोपरे गोल झाले की निम्मा दिवस तिथेच जातो.

पिस्टन बाहेर काढायला ब्रेक पेडलच वापरा. होज (कॅलिपरला ब्रेक ऑइल आणणारी लवचिक नळी) जोडलेलाच ठेवायचा, पॅड काढायचे, समोर लाकडाचा तुकडा धरायचा आणि कोणालातरी हळूहळू पेडल दाबायला सांगायचं, पिस्टन जवळपास बाहेर आला की मग होज सोडायचा. कॉम्प्रेसरची हवा मारली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो, मध्ये बोट आलं तर बोट गेलं. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेक असेल तर पिस्टन बहुधा आट्यांवर असतो, तो फिरवूनच निघतो आणि फिरवूनच बसतो.

आता खरं काम. लोक पिस्टन चकाचक करतात आणि कॅलिपरच्या आत सील बसतो ती खाच तशीच सोडतात, आणि गंमत म्हणजे कॅलिपर जाम होतो तो बऱ्याचदा तिथूनच. ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे घेणारी वेगळी स्प्रिंग नसते, तो चौकोनी सीलच दाबताना थोडा पिळतो आणि सोडल्यावर परत सरळ होताना पिस्टनला मागे खेचतो, त्यामुळे खाचेत पांढरी पावडर किंवा गंज साठला की सील आवळतो आणि पिस्टन मागे येतच नाही. जुना सील प्लास्टिकच्या टोकाने काढा, स्क्रूड्रायव्हरने खाचेला ओरखडे पडतात. मग ब्रेक क्लीनर आणि टूथब्रश घेऊन खाच नखाला गुळगुळीत लागेपर्यंत घासा. पिस्टनवर सील घासतो त्या भागात खड्डे असतील तर पॉलिश पेपर मारत बसू नका, पिस्टन नवीन टाका.

पेट्रोल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस रबराला लावायचं नाही, सील फुगतात. ताजं ब्रेक ऑइल किंवा रबर ग्रीस लावा आणि पिस्टन हाताने सरळ दाबा, तिरका गेला तर बाहेर काढून परत, ठोकायचं नाही. डस्ट बूट (पिस्टनवर धूळ अडवणारं बाहेरचं रबर) बसवताना चार शिव्या निघतात, ते चालतं. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

होजच्या बोल्टला तांब्याचे वॉशर नवीनच टाका. आणि निपल वरच्या बाजूला आला पाहिजे! मी पहिल्यांदा दोन्ही बाजूंचे कॅलिपर एकदम काढले होते, बसवताना डावा उजवीकडे गेला, निपल खाली, मग अर्धी बाटली ऑइल संपलं तरी पेडल स्पंजसारखंच, कारण हवा वरतीच अडकलेली. तेव्हापासून एका वेळी एकच बाजू.

ब्लीडिंग करताना (निपलमधून हवा काढताना) ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका, ऑइल कोणत्या ग्रेडचं, डॉट ३ की डॉट ४, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (ठरवून दिलेल्या जोराला) आवळा. गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत मारा, मग जोरात दाबून मिनिटभर धरा आणि होजपाशी, बूटपाशी ओल दिसते का बघा. पहिली चक्कर हळू मारा, परत आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात न्या (डिस्कला हात लावू नका), उष्णता दोन्हीकडे सारखी लागली की पाने आवरायला घ्या.